सगळे पास

“बाई, एवढं चिडायला काय झालं? मी कुणाला नापास करा म्हणतोय का? पास करा म्हणतोय.”

भोईटे हेडसर हे इतक्या गोड आवाजात म्हणाले की टेबलावरचा पेपरवेट उचलून त्या टेबलाच्या काचेवर हाणावा असं मला वाटलं. तीस एप्रिलची दुपार होती. ऑफिसातला पंखा कुरकुरत होता आणि माझ्या नववी ड मधल्या अकरा पोरांच्या नावांपुढं हेडसरांनी तांबड्या पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या.

“पास करा आणि लगेच दाखला हातात द्या, असं म्हणताय तुम्ही,” मी म्हटलं. “अर्धंच वाक्य कशाला बोलता?”

“दाखला म्हणजे काय फाशी आहे का? दुसऱ्या शाळेत जातील. नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. घरी बसून अभ्यास करायचा, बाहेरून परीक्षा द्यायची. ना शाळेची कटकट, ना गणवेशाचा खर्च.”

“कोण देतंय बाहेरून परीक्षा? गेल्या वर्षी आठ जणांना असेच दाखले दिलेत. त्यातल्या एकाचं नाव सांगा, ज्यानं तो फॉर्म भरला.”

हेडसरांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर नसलं की त्यांचा चष्मा मळायचा.

ज्यांना शाळेतल्या या भानगडी ठाऊक नाहीत त्यांना आधी सांगते. दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे शिकवायचं. त्याला वेळ लागतो. दुसरा म्हणजे कच्ची पोरं दहावीच्या वर्गापर्यंत पोचूच द्यायची नाहीत. नववीत नापास करावं तर आईबाप भांडायला येतात, आणि पोर पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतं. म्हणून चारदोन मार्क वाढवून त्याला पास करायचं आणि त्याच दिवशी शाळा सोडल्याचा दाखला हातावर ठेवायचा. आईबाप खूश, शाळा खूश. पोर घरी.

“अण्णासाहेबांनी बोर्ड रंगवायला टाकलाय, बाई,” हेडसर म्हणाले. अण्णासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. “कारखान्यावर ती इंग्रजी शाळा निघालीय ना. आपली मुलं तिकडं चाललीत. शंभर टक्के निकाल असा मोठा बोर्ड गेटवर लावायचाय. पुढच्या वर्षीचा.”

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. परीक्षा व्हायला दहा महिने बाकी, पोरं अजून दहावीच्या वर्गात जाऊन बसायची आहेत, आणि निकालाचा बोर्ड पेंटरकडं वाळतोय!

“उद्या झेंडावंदन झालं, निकाल वाटले, की या अकरा जणांच्या पालकांना लॅबमध्ये बोलवा. वर्गशिक्षिका तुम्ही आहात. जरा गोड बोला. लोक तुमचं ऐकतात.”

“गोड बोलायला ठेवलंय होय मला? मी गणित शिकवते.”

“त्या गणिताचीच तर बोंब आहे. अकरातली नऊ पोरं तुमच्याच विषयात आपटलीत.”

खरं होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. अहो, कच्ची होती म्हणूनच तर माझ्याकडं होती! अ तुकडीतल्या पोरांना घरी शिकवण्या, आईबाप शिकलेले, गाईड विकत आणायला पैसे. त्यांना शाळा नसली तरी चाललं असतं. शाळा लागते ती ड तुकडीला. आणि आमची शाळा त्यांनाच बाहेर काढून शंभर टक्के होणार होती.

“मी सांगणार नाही,” मी म्हटलं. “तुमचं तुम्ही बघा.” आणि खुर्ची मागं सरकवून बाहेर आले.

बाहेर मैदानात उद्याची तयारी चालली होती. पोरी फक्की मारत होत्या, म्हणजे चुन्याची पांढरी पूड ओढून झेंड्याभोवती रेघा आखत होत्या. त्यात शालन खरमाटे होती. कोपरापर्यंत पांढरी झालेली, आणि तिची रेघ नेहमीप्रमाणे वाकडी.

त्या अकरा फुल्यांमध्ये एक फुली शालनच्या नावापुढं होती.

शालन हुशार होती असं मी म्हणणार नाही. नव्हतीच. अपूर्णांक दिसला की तिला घाम फुटायचा. पण वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी पोरगी ती. एकच गणित तीन तऱ्हांनी चुकवून आणायची आणि विचारायची, “बाई, ह्यातलं कुठलं कमी चुकलंय?” तिचा बाप बबन खरमाटे एसटी स्टँडसमोर रसवंती चालवायचा. शाळा सुटली की ही तिथं गल्ल्याशेजारी बसून गणितं सोडवायची, आणि वहीवर रसाचे डाग पडायचे. मार्चमध्ये तिला समीकरणं जमायला लागली होती. नुकतीच. शंभरापैकी एकतीस मार्क पडले. पस्तीसला पास.

“बाई,” मला बघून ती पळत आली. “मी पास हाय का?”

“उद्या कळेल की.”

“सांगा की वो. पास झाले तर दहावीला गणिताला तुमीच ना?”

“का गं? मी मारते म्हणून बोंबलत असतेस ना?”

“मारता, पन परत सांगता.” तिनं हातावरची फक्की फ्रॉकला पुसली. “बाई, आत्या आलीय घरी. औंदाच लगीन करू म्हणून बसलीय. आत्याचा भिमा ट्रॅक्टरवर हाय. पन आबानं तिला तोंडावर सांगितलं, पोरीची शाळा हाय तवर लगीन न्हाई. शब्द हाय माझा, म्हणला.”

“आणि आई काय म्हणते?”

“आय म्हणती, शाळा सुटू दे, मग बघू.”

पंधरा वर्षांची पोर. शाळा हाय तवर, एवढ्यावर तिचं सगळं लटकलेलं. आणि आत हेडसर तिची शाळा पेढ्याच्या कागदात गुंडाळून काढून घ्यायला बसलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठरवलं ते तिथंच ठरवलं, त्या वाकड्या रेघेवर उभी राहून.

आमच्याकडं एक मेचा एक रिवाज होता. झेंडा वर गेला, भाषणं झाली, की प्रत्येक वर्गशिक्षक माईकवर यायचा आणि आपल्या वर्गाचे पहिले तीन नंबर पुकारायचा. कागद नंतर मिळायचा. पण गावाच्या लेखी निकाल म्हणजे माईकवर पुकारला जायचा तो. तिथं एकदा बोललेलं कुणाला मागं घेता यायचं नाही. मीही माईकवरच बोलणार होते, सगळ्या आईबापांसमोर. दाखला म्हणजे काय ते समजेल अशा भाषेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान भरलं होतं. पुढं खुर्च्यांवर तहसीलदार, अण्णासाहेब, बँकेचे साहेब, डॉक्टर. मागं सतरंजीवर आणि त्याच्याही मागं उभे असलेले बाकीचे. सगळ्यात शेवटी गेटला टेकून बबन खरमाटे उभा होता. ऐन उन्हाळ्याचा धंदा सोडून त्यानं रसवंती बंद ठेवली होती. टोपी नीळ देऊन धुतलेली. हातात मिठाईचा पुडा. निकाल लागायच्या आधीच त्यानं पेढे आणले होते.

आठवी झाली. नववी अ, ब, क झाल्या. मग मी माईकसमोर गेले.

“नववी ड,” मी म्हटलं आणि पहिले तीन नंबर सांगितले. टाळ्या पडल्या. मी मागं सरले नाही. हेडसर खुर्चीत सावरून बसलेले मला दिसले.

“आता नीट ऐका. नववी ड मधली सगळी मुलं पास आहेत. एकसुद्धा नापास नाही. सगळे पास.”

अहो, काय टाळ्या पडल्या! मागच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. ड तुकडीचं नाव घेऊन कुणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी हात वर केला.

“थांबा, टाळ्या थांबवा. पुढचं महत्त्वाचं आहे. आता तुमच्यातल्या काहींना लॅबमध्ये बोलावतील. तिथं तुम्हाला दाखला—”

माईक बंद पडला.

मी ठोकून बघितला. डावीकडं वळून बघितलं तर व्हरांड्यात गेनू शिपाई उभा होता. त्याच्या हातात वायर होती आणि मान खाली. शेजारी हेडसर. ते कधी उठले, कधी तिथं पोचले, मला कळलंही नाही. एरवी जिना चढायला ज्यांना दोनदा थांबावं लागायचं ते भोईटे सर!

“दाखला घेऊ नका!” मी ओरडले. “दाखला म्हणजे शाळेतनं नाव काढणं! घेऊ नका!”

तेवढ्यात पीटीच्या सरांनी शिट्टी मारली आणि बँड सुरू झाला. ढोल, ताशे, बिगूल, सगळं एकदम. मी घसा फोडून ओरडत होते आणि ते ऐकू जात होतं फक्त पहिल्या दोन रांगांना. म्हणजे तहसीलदारांना, बँकेच्या साहेबांना आणि डॉक्टरांना. त्यांच्या पोरांना कुणी दाखला देणार नव्हतंच.

मागं उभ्या असलेल्या लोकांना माझं बोलणं ऐकू आलं ते एवढंच: सगळे पास.

मी खाली उतरले तर अण्णासाहेब आडवे आले. “टोणपे बाई, पाहुण्यांसमोर हा काय तमाशा? आधी चहाला चला, मग बोलू.” आणि माझ्या दोन्ही बाजूंना आमच्याच दोन शिक्षिका, माझ्या मैत्रिणी म्हणवणाऱ्या, माझे दंड धरून कुजबुजायला लागल्या, “जाऊ दे गं वसुधा, नोकरी जाईल.” मी हात झटकून सुटले आणि लॅबकडं पळाले. साडी नेसून अशी धावताना मला त्या गावानं पहिल्यांदाच बघितलं असेल. तरी उशीर झालाच. पाचसहा जण दाखला घेऊन गेलेसुद्धा होते.

लॅबच्या दारातच बबन खरमाटे भेटला. तोंडभर हसत.

“बाई! तुमालाच हुडकत हुतो. हात करा फुडं.” त्यानं माझ्या तळहातावर पेढा ठेवला. “पयला मान तुमचा. माईकवर आइकलं म्या. तुमच्या तोंडनं आइकलं. आमच्या घराण्यात आजपतूर कुणी सातवीच्या फुडं गेलं न्हाई, आन् माझी पोरगी नववी पास!”

दुसऱ्या हातात तो दाखला. उसानं कापलेल्या, चिरा पडलेल्या बोटांचा डाग लागू नये म्हणून त्यानं तो रुमालात धरला होता. त्याच्या मागं शालन उभी होती. तिनं वाचला होता. तिचं तोंड बघूनच मला कळलं.

“खरमाटे,” मी म्हटलं, “तो कागद परत द्या.”

“आं?”

“तो बक्षिसाचा कागद नाही. शालनचं नाव शाळेतनं काढल्याचा कागद आहे. तुमच्याकडनं आत्ता अर्जावर सही घेतली ना? आम्ही आमच्या मर्जीनं पोरगी काढतोय, असा अर्ज आहे तो. जूनमध्ये तिला इथं बसता येणार नाही.”

तो गोंधळला. त्यानं हेडसरांकडं बघितलं. हेडसर टेबलामागून उठले, तेच गोड हसत.

“बाईंना जरा भरून आलंय. अहो खरमाटे, पोरगी पास आहे का नाही? हे बघा, इथं लिहिलंय. इयत्ता नववी उत्तीर्ण. वर शाळेचा शिक्का.”

“पास हाय म्हणत्यात, बाई.”

“पास करून हाकललंय तिला!” मी ओरडले. “दहावीत एक पोर नापास झालं तर ह्यांचा बोर्ड खराब होतो, म्हणून हाकललंय. समजून घ्या जरा!”

लॅबमधले बाकीचे आईबाप बघायला लागले. परीक्षानळ्यांच्या स्टँडशेजारी पेढ्यांचे पुडे ठेवलेले होते. प्रत्येकानं आणले होते.

हेडसरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. “ठीक आहे. बाईंच्या मनासारखं करू. द्या तो दाखला, फाडून टाकतो. पण मग चार मार्क वाढवलेत ते काढून घ्यावे लागतील. ते शाळेनं दाखल्यासाठीच दिलेत. शालनला गणितात एकतीस आहेत. तेही बाईंनीच दिलेत, मी नाही. एकतीस म्हणजे नापास.” ते खरमाट्यांकडं वळले. “तुम्ही बाप आहात. तुम्ही सांगा. पास का नापास?”

काय हलकट प्रश्न होता तो! आणि विचारला कुणाला, तर पेढे आणलेल्या बापाला.

“न्हाई, न्हाई,” खरमाटेनं कागद छातीशी धरला. “नापास नगं, सायेब. पास केलासा तेच बरं हाय.”

“नापास करा,” मी म्हटलं.

हेडसरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“नापास करा तिला, सर. पुन्हा नववीत बसू दे. मी शिकवते. घरी येऊन शिकवते, रसवंतीत येऊन शिकवते. एक वर्ष जाईल. पण शाळेत राहील.”

“आगं बया!” मागनं कुणीतरी बाई म्हणाली. “ही कसली मास्तरीण म्हणायची!”

खरमाटे माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि ते कुणामुळं गेलं तर माझ्यामुळं. हेडसर हसतच होते.

“बाई, तुमी आत्ताच माईकवर म्हणलासा, सगळी पास.”

“म्हटलं.”

“आन् आता नापास करा म्हणताय. माझ्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय? एवढा राग?”

राग! राग होताच. अंगभर राग होता. ज्यानं वायर उपटली त्याच्यावर, ज्यानं उपटायला लावली त्याच्यावर, जे ढोल वाजवत होते त्यांच्यावर. आणि तो सगळा राग जाऊन पोचत होता या एकाच माणसापर्यंत, ज्यानं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला होता.

“आबा,” शालन पुढं आली. “बाई म्हणत्यात तसं कर. मला नापास करू दे.”

“येड लागलं का तुला?”

“नववीत परत बसते मी. आबा, कागद देऊन टाक.”

“गप! सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. आता काय दारोदार सांगत फिरू, पोरगी नापास झाली म्हणून?” त्यानं तिचं मनगट धरलं. मारलं नाही, ओढलंसुद्धा नाही. नुसतं धरलं आणि चालायला लागला. तो वाईट माणूस नव्हता हो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दारापर्यंत मागं गेले. “खरमाटे! तुम्ही बहिणीला शब्द दिलाय. शाळा आहे तोवर लग्न नाही.”

तो वळला. अगदी शांतपणे, मलाच समजावून सांगावं तसं म्हणाला, “आता शाळा कुठं ऱ्हायली, बाई? पास झाली की.”

शालन जाताना मान मागं वळवून बघत होती. गेटपर्यंत बघत होती. पायाखाली तिनंच आदल्या दिवशी मारलेल्या फक्कीच्या रेघा होत्या, गर्दीच्या पायांनी पुसलेल्या.

मी परत आत आले. माझ्या हातातला पेढा घामानं चिकट झाला होता. तो मी हेडसरांच्या समोर टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “खा. हा तुमचा आहे.”

आणि त्या माणसानं तो खरोखर खाल्ला.

जून उजाडायच्या आत शालनचं लग्न झालं. पत्रिका आमच्या घरी आली. नावापुढं कंसात ‘नववी पास’ छापलं होतं. मी गेले नाही. बोर्ड मात्र गेटवर लागला, पुढच्या वर्षी तो खराही ठरला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. बिनचूक खरा ठरायचा, कारण नववीच्या दारात दर वर्षी चाळण लावलेली. मला संस्थेनं डोंगरापलीकडच्या शाखेत टाकलं. शिस्तभंग म्हणे. तिथं छप्पर गळायचं आणि दिवसातनं एक एसटी यायची. पण तिथं एक बरं होतं, निकाल काय लागला हे विचारायला कुणी येत नव्हतं. मी नापास केलेली पोरं तिथं पुन्हा त्याच बाकावर येऊन बसायची आणि दुसऱ्या वर्षी पास व्हायची. सगळी नाही, पण बरीचशी.

निवृत्त होऊन मी परत त्याच गावी, माळशेंद्र्याला, राहायला आले. शाळेनं एकदा सत्काराला बोलावलं. म्हटलं, शाल तुम्हीच पांघरा. रसवंतीकडं मात्र मी जाणूनबुजून गेले नव्हते. बावीसतेवीस वर्षं झाली असतील. काय बोलायचं त्या माणसाशी? माझा राग जिवंत होता आणि तो त्याच्यावर काढायचा नव्हता.

शेवटी परवा, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, उन्हात पाय भाजत होते आणि घसा कोरडा पडला होता, म्हणून शिरले. बबन खरमाटे गल्ल्यावर बसला होता. डोळ्यांनी अधू झालेला. आवाजावरून ओळखलं त्यानं मला.

“टोणपे बाई! आगं शालन, बाई आल्यात बघ! बर्फ न घालता दे, बाईंचा घसा धरतो.”

हे याच्या लक्षात होतं! मी बाकावर बसले आणि समोर भिंतीकडं बघितलं. खंडोबाची तसबीर, त्याच्या शेजारी दत्ताची. आणि त्यांच्या शेजारी, तशाच चौकटीत, काचेखाली, उदबत्तीच्या धुरानं पिवळा पडलेला एक कागद. शाळा सोडल्याचा दाखला. खाली झेंडूची वाळकी माळ.

“शालनचं सर्टिफिकीट,” म्हातारा म्हणाला. त्याला मी कुठं बघतेय ते दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं. “येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. आमच्या घरातली पयली पास.”

राग एवढा दाटून आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पदरानं पुसलं.

चरकामागनं शालन आली. हातात ग्लास. अंगानं भरलेली, कपाळावर घाम, मनगटात काचेच्या बांगड्या. भिमाचा ट्रॅक्टर कर्जात गेला, मग दोघं नवराबायको इथंच येऊन राहिले, असं तिनं उभ्याउभ्या सांगितलं. जुन्या ओळखीचं असं तिनं वेगळं काही केलं नाही. ग्लास ठेवला आणि समोर बसली.

“बरं झालं आलासा. मीच येणार हुते तुमच्याकडं. उद्या एक मे हाय.”

“माहितीये.”

“माझी तेजू नववीत हाय. ड मधी. आपल्याच शाळंत.” तिनं पदरानं हात पुसले. “नव्या हेडसरांचा फोन आला हुता. पोरगी पास हाय म्हणाले. झेंडावंदन झालं की पालकांनी लॅबमधी यायचं म्हणाले.”

मी ग्लास खाली ठेवला. लॅब. अजून लॅबच!

“किती पडलेत गणितात?”

“अठ्ठावीस.”

“तुझ्यापेक्षा कमी.”

“माझ्यावर गेलीय.” ती जराशी हसली आणि लगेच थांबली. “बाई, मी उद्या जाणार हाय. आन् सांगणार हाय, माझी पोरगी नापास करा. दाखला घेणार न्हाई म्हणून. तुमी याल का संगं? ते लई गोड बोलत्यात म्हणं.”

“नापास?” गल्ल्यावरनं म्हातारा ओरडला. “कोण म्हणतंय नापास? पास हाय की तेजू! पेढं सांगितल्यात म्या!”

“मी म्हणतेय, आबा,” शालन म्हणाली.

“येते,” मी म्हटलं. “सकाळी सातला गेटवर थांब. आणि माईकची भानगड नको, डायरेक्ट आतच जाऊ.”

“माईक कशाला लागतोय? लॅब केवढी ती.”

ती उठली. कोपऱ्यातलं स्टूल तिनं पायानं ओढलं, भिंतीशी लावलं आणि त्याच्यावर चढली. आधी झेंडूची माळ काढून खाली टाकली. मग चौकट खिळ्यावरनं उचलली. मागची भिंत तेवढीच पांढरी राहिली होती.

“आगं, काय काढतीस?” म्हाताऱ्याला आवाज आला असावा. “शालन? त्यो कशाला काढतीस?”

“उद्या परत द्यायचा हाय, आबा.” तिनं काचेवरची धूळ कोपरानं पुसली. “बाईंनी तवाच सांगितलं हुतं.”